सीटखाली राहिलेली डमी

मीटरकाकांना हे नाव गॅरेजातल्या गिऱ्हाइकांनीच दिलं होतं आणि ते त्यांना शोभत होतं. फ्यूज नुसता डोळ्यांनी बघून "चांगला आहे" म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी अर्धवट. घरी रिमोटचे नवे सेल आणले तरी ते आधी मीटर लावून तपासत. त्यांची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "लग्नाआधी मलाही मीटर लावून बघणार होते हे, पण समोर मोठी माणसं बसली होती म्हणून वाचले."

गॅरेज दोघा भावांचं. इंजिन, ब्रेक आणि गिऱ्हाईक हे थोरल्या दादांचं काम. वायरिंगचं सगळं काकांचं. दादांचा हात चालायचा आणि जीभही. काकांचा फक्त हात. गिऱ्हाईक हसत आलं की दादांकडे जायचं आणि गाडीत कसलासा दिवा लागला की तोंड पाडून काकांकडे.

त्या सोमवारी सकाळी काकांनी रोजच्यासारखं शटर वर केलं, दिवा लावला आणि टेबलामागच्या फळीकडे बघितलं. फळीवर सहा खिळे होते आणि सहा खिळ्यांना सहा डमी लटकलेल्या असायच्या. दर सोमवारी कामाला हात लावायच्या आधी त्या मोजायच्या हा काकांचा नेम होता. त्या दिवशी पाच भरल्या. काकांनी पुन्हा मोजल्या. मग बोट लावून मोजल्या. पाचच.

त्यांनी टेबलाखाली, खोक्यात, खिशात, सगळीकडे बघितलं. सहावी नव्हती.

ही डमी म्हणजे दिसायला काही नाही, बोटभर वायरचा तुकडा आणि टोकाला एक प्लग. पण तिचं काम मोठं. गाडीच्या सीटबेल्टच्या मुळाशी एक छोटी नळी असते, तिच्यात फटाक्यासारखी चिमूटभर दारू भरलेली असते. गाडी आदळली की ती नळी फुटते आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पट्टा मागे खेचून माणसाला सीटला घट्ट धरते. ती वायर धड आहे की नाही, हे गाडीतला कॉम्प्युटर सतत तपासत असतो. कुठे बिघडलं की समोर लाल दिवा लागतो. आता बिघाड नळीत आहे की वायरमध्ये, हे कळायचं कसं? नळीला थेट मीटर लावायचा नाही, ती तोंडावर फुटायची. मग बॅटरी काढायची, दहा मिनिटं गप्प बसायचं, सीट उचलून नळीचा प्लग सोडवायचा आणि तिच्या जागी ही डमी लावायची. पुन्हा बॅटरी जोडून बघितलं आणि दिवा गेला, तर दोष नळीकडे. नाही गेला, तर वायरमध्ये. एवढं कळलं की डमी काढून घ्यायची.

आणि काढायची राहिली तर? तर दिवा लागत नाही. गाडी म्हणते, सगळं ठीक आहे. गाडीवाला म्हणतो, वा! आणि ज्या दिवशी गाडी कुठे आदळेल त्या दिवशी नळी फुटतच नाही, कारण ती जोडलेलीच नसते.

म्हणून काकांनी स्वतःसाठी एक कायदा केला होता: गाडीत डमी असेपर्यंत त्या गाडीची चावी स्वतःच्या खिशात. मग गिऱ्हाईक येवो, नाहीतर साक्षात देव येवो. तीस वर्षांत हा कायदा मोडला नव्हता.

गेल्या आठवड्यात बेल्टच्या दिव्याच्या चार गाड्या आल्या होत्या. टॅक्सीवाल्याची, दातांच्या डॉक्टरांची, निवृत्त हेडमास्तरांची आणि गुरुवारी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या ताईंची. काकांनी वही काढली. प्रत्येक गाडीचे आधीचे आकडे आणि नंतरचे आकडे ते लिहून ठेवत. पहिल्या तिघांचे पूर्ण होते. ताईंच्या गाडीचे नंतरचे आकडे नव्हते.

गुरुवारचं त्यांना आठवत होतं, पण तुटक तुटक. ताईंच्या गाडीची डावी सीट उचललेली होती. डमी लावली होती, दिवा गेला होता, म्हणजे दोष नळीकडे. तेवढ्यात शेजारणीचा फोन आला, वहिनी न्हाणीघरात घसरून पडल्या, हात हलत नाहीये, लवकर या. काका जे धावले ते दवाखान्यात पोचल्यावरच थांबले. बायकोच्या मनगटाला प्लास्टर घातलं आणि तिला घरी आणेपर्यंत संध्याकाळ झाली. सीट बसवल्याचं मात्र काही केल्या आठवेना.

दादा आले तसे काका म्हणाले, "दादा, गुरुवारी त्या औषधवाल्या ताईंची गाडी कुणी दिली?"

"मी दिली. का रे?"

"सीट कुणी बसवली?"

दादा पाना पुसत होते. "तूच की. सीट बसवलीस आणि मग फोन आला तुला. मी नुसती चावी दिली त्यांना."

"मला आठवत नाही रे."

"आठवेल कसं? बायको पडल्याचा फोन आल्यावर माणसाला स्वतःचं नाव तरी आठवतं का?" दादा हसले आणि बाहेर उभ्या असलेल्या गाडीकडे वळले.

काकांच्या जगात एकच माणूस असा होता, ज्याच्या शब्दाला मीटर लावायची गरज त्यांना कधी वाटली नाही. तो म्हणजे दादा. दादांनी त्यांना सायकल शिकवली, पहिला पाना हातात दिला, वडील, म्हणजे अण्णा, गेल्यावर घर ओढलं. दादा म्हणाले सीट तू बसवलीस, म्हणजे आपणच बसवली. आणि आपण सीट बसवली म्हणजे आधी डमी काढली असणारच, हात आपोआप तेच करतो. मग ती गाडी सुटली; लाल दिवा घेऊनच गेली असणार, नवी नळी आली की येईल परत. डमी उरलेल्या तिघांपैकी कुणाच्या तरी सीटखाली.

हे गणित बरोबर होतं, पण त्याने काकांना हायसं वाटलं नाही, उलट भीतीच वाटली. कारण चार बोल्ट पिळून बसवलेली सीट आपल्याला आठवत नाही, हे त्यांना आता कळलं होतं. अण्णांचंही असंच सुरू झालं होतं. अण्णाही वायरमन. आधी त्यांची पक्कड पिठाच्या डब्यात सापडली, तेव्हा सगळे हसले. मग गॅस सुरू ठेवून ते फिरायला गेले, तेव्हा कुणी हसलं नाही. शेवटी शेवटी ते या दोघा मुलांना "तुम्ही कुणाकडे आलात?" असं अदबीने विचारायचे. अण्णांना तो विसरण्याचा आजार लागला तेव्हा त्यांचं वय अठ्ठावन्न होतं. काकांना सत्तावन्नावं लागलं होतं.

टॅक्सीवाला स्टँडवरच सापडला. काकांनी त्याची सीट उचलली, खाली टॉर्च मारून बघितलं. सहा नाणी, एक चमचा आणि कुणाचातरी बाळमोजा. डमी नाही.

दातांच्या डॉक्टरांच्या सीटखाली टॉफीचे कागद निघाले, चांगले मूठभर. डॉक्टर जवळच उभे होते. दोघांनीही ते कागद पाहिले आणि दोघांनीही पाहिले नाहीत असं दाखवलं. डमी नव्हती.

हेडमास्तर मात्र खुर्ची टाकूनच बसले. "काय हरवलंय?"

"काही नाही सर. काम केल्यावर एकदा पुन्हा बघून जातो. फुकट."

"फुकट?" हेडमास्तरांनी चष्मा नाकावर खाली घेतला. "म्हणजे काहीतरी घोळ घातलायस तू. चाळीस वर्षं पोरं बघितलीत मी. वही न आणलेल्या पोराचं तोंड असंच असायचं."

काका ओशाळं हसले. सीटखाली धूळ होती आणि एक खडू.

मंगळवारी संध्याकाळी ते घरी आले ते बसलेच. बायको डाव्या हाताने कांदा चिरायचा प्रयत्न करत होती. एरवी त्यांनी सुरी हिसकावून घेतली असती. आज नुसते बघत राहिले. दोन दिवसांत त्यांनी स्वतःला शंभर परीक्षा घातल्या होत्या. गाड्यांचे नंबर मागून पुढे म्हणून बघितले. शाळेतल्या बाकावर शेजारी कोण बसायचा ते आठवून बघितलं. सकाळी दाढी केली होती की नाही, हे गालावर हात फिरवून तपासलं आणि ते तपासावं लागलं म्हणून आणखी घाबरले.

"अहो, बोला की काहीतरी," बायको म्हणाली. "हात माझा मोडलाय आणि तोंड तुमचं मिटलंय."

त्यांनी सगळं सांगितलं. अण्णांचंही. बायकोने सुरी खाली ठेवली.

"मग चौथी गाडी बघा की."

"तिची सीट मी बसवली होती. दादाने सांगितलंय."

"दादांनी सांगितलं. मीटरने सांगितलंय का?"

काकांना तिचा राग आला. दादांबद्दल घरात असं बोललेलं त्यांना खपत नसे. पण बुधवारी सकाळी गॅरेजला न जाता त्यांचे पाय औषधांच्या दुकानाकडे वळले.

ताई दुकान उघडतच होत्या. गाडी समोरच उभी होती. काकांनी एकदा बघून जातो म्हटल्यावर त्यांनी चावी काढून दिली आणि आपण होऊन म्हणाल्या, "काका, तुमचे उपकार झाले बघा. तो लाल दिवा लागला तेव्हापासून मी आईला मागे बसवत होते. एक तर ती थकलेली, मागे चढताना गुडघे धरायचे. रोज रडकुंडीला यायची. आता दिवा गेला, तुम्ही बघितलेली गाडी, म्हटल्यावर बसवते पुढे. गुरुवारपासून रोज जातो आम्ही दवाखान्यात, मशीनचा शेक घ्यायला, हमरस्त्याने. खूश आहे ती."

ते डाव्या दारापाशी गुडघ्यावर बसले.

आधी त्यांना बोल्ट दिसले. सीट बसवली की प्रत्येक बोल्टवर ते पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढत, सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते म्हणून. या चारही बोल्टवर रेघ नव्हती. एकावरही नाही. म्हणजे सीट आपण बसवलेली नाही. क्षणभर त्यांना इतकं हलकं वाटलं, की ते मोठ्याने हसायचेच बाकी होते. आठवत नव्हतं, कारण आठवायला काही घडलंच नव्हतं!

मग त्यांनी टॉर्च सीटखाली फिरवला. डमी तिथे होती. ती लोंबकळून आवाज करू नये म्हणून तिची वायर पट्टीला एका काळ्या प्लॅस्टिकच्या बंधाने आवळली होती, आणि बंधाचं टोक पक्कडीने पिळून तोडलं होतं. काका सीटखाली बंध कधी वापरत नसत, सीट पुढेमागे सरकताना वायर कापते. टोक असं पिळून तोडायची सवय अख्ख्या गॅरेजात एकालाच होती.

घाईत कुणी सीट बसवली असती, खाली बघितलं नसतं, तर एक वेळ समजून घेता आलं असतं. इथे माणसाने खाली वाकून बघितलं होतं, काय आहे ते ओळखलं होतं आणि आवाज येऊ नये अशी सोय करून वर सीट ठेवली होती. काका किती वेळ तसेच गुडघ्यावर होते कुणास ठाऊक. ताई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "काका, बरं वाटत नाहीये का? पाणी देऊ?"

"ताई," काका म्हणाले, "आईंना आजपासून पुन्हा मागे बसवा."

बॅटरी काढून, दहा मिनिटं थांबून त्यांनी डमी सोडवली, खरा प्लग जोडला. थांबलेल्या त्या दहा मिनिटांत त्यांनी ताईंना सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. बॅटरी जोडल्यावर समोर लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला.

ताईंचा चेहरा पांढरा पडला होता. "म्हणजे सहा दिवस माझी आई..."

"पट्टा अडकला असता. पण आवळला नसता. आणि त्या वयात..."

"केलं कुणी हे?"

काकांच्या मुठीत तो तोडलेला बंध होता. "गाडीत डमी असताना चावी खिशात ठेवायची असते. ती मी गॅरेजातल्या चाव्यांच्या फळीवर अडकवून गेलो. चूक माझी."

हे खोटं नव्हतं. पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मीटरकाकांनी अर्धवट आकडा सांगितला होता.

ताईंनी हात पुढे करून चावी मागितली. "तुम्ही सांगायला आलात, हे मी विसरणार नाही. पण गाडी आता दुसरीकडे नेते. राग मानू नका."

"राग कसला," काका म्हणाले. "बरोबर आहे तुमचं."

गॅरेजात दादा एकटेच होते. काकांनी डमी आणि तो बंध टेबलावर ठेवला. दादांनी बघितलं आणि हातातला चहा न पिता खाली ठेवला.

"सापडली होय," ते म्हणाले.

"तुला माहीत होतं."

दादा स्टुलावर बसले. "अरे, त्या बाई दारात उभ्या. आईला दवाखान्यातून आणायचं म्हणून नुसत्या घायकुतीला आलेल्या. तू तिकडे. तुला फोन करून विचारू काय, बायकोचा हात राहू दे, डमीचं सांग? दिवा गेलेला होता. म्हटलं, आज नेऊ दे, उद्या बोलावून काढून घेऊ. मग दुसऱ्या दिवशी तू आलास तो पडलेल्या चेहऱ्याने. म्हटलं, परवा सांगू. असं करता करता राहिलं."

"राहिलं?"

"सगळे लावतात रे! जगात अर्ध्या गाड्या तशाच फिरतायत. पट्टा तर असतोच ना."

"ते जाऊ दे," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका शांत होता, की दादांनी मान वर केली. "सोमवारी मी तुला विचारलं. तेव्हा का नाही सांगितलंस?"

"तोंडातून निघून गेलं. एकदा गेल्यावर माघारी कसं घेऊ? थोरला आहे मी."

"दोन दिवस मला वाटत होतं, माझं डोकं गेलं. अण्णांसारखं झालं मला. मी सीट बसवली आणि मला आठवत नाही. टॅक्सीवाल्याच्या गाडीखाली लोळलो मी, हेडमास्तरांच्या पुढे चोरासारखा उभा राहिलो. काल इथे बसून मी पाढे म्हणत होतो दादा, स्वतःशी. एकोणतीसचा पाढा. तू तिथे गाडी धूत होतास."

दादा जमिनीकडे बघत होते.

"तुला दिसत होतं का मला काय होतंय ते?"

बाहेरून कुणीतरी हॉर्न वाजवला, दोनदा. मग दादा म्हणाले, "दिसत होतं."

त्यांनी आणखी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं असावं, पण काका बाहेर पडले होते.

दुपारी दोन वाजता नवरा दारात उभा राहिलेला बघून काकांची बायको घाबरलीच. एवढ्या वर्षांत ते कधी कामाच्या वेळी घरी आले नव्हते. त्यांनी चपला काढल्या, हात धुतले, मग खुर्चीत बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले. ती धावत आली. प्लास्टरचा हात त्यांच्या पाठीवर ठेवला, दुसऱ्याने डोकं कुरवाळलं.

"काय झालं? डॉक्टरकडे जाऊया आपण. आत्ताच जाऊया. आजकाल औषधं निघालीत चांगली, अण्णांच्या वेळी नव्हती."

"डोकं ठीक आहे माझं," काका म्हणाले. "सीट मी बसवलीच नव्हती. दादाने बसवली. डमीसकट."

तिला समजायला एक क्षण लागला. मग तिने डोळे मिटून सुस्कारा सोडला, कपाळ त्यांच्या खांद्याला टेकलं. "सुटले बाई. किती घाबरवलंत! मग आता रडताय कशाला?"

काकांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं, पण डोळे थांबेनात.

"डोकं गेलं असतं," ते म्हणाले, "तर परवडलं असतं गं."